मणक्याच्या जंतुसंसर्गाच्या निदानात सीटी स्कॅनचे स्थान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील तसेच जुन्नर, शिरूर, इंदापूर, बारामती या भागांतून उपचारांसाठी पुण्यात येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक तपासणीपूर्वी जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्येक रुग्णाची स्थिती वेगळी असल्यामुळे अंतिम निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

पाठदुखी घरोघरी असते. मणक्यात जंतुसंसर्ग झाल्याची शंका कधी घ्यावी?

उसण भरली, वजन उचलताना लचक बसली किंवा दिवसभर दुचाकीवरून खड्ड्यांतून हिंडणे झाले, की होणारी पाठदुखी आडवे पडल्यावर बहुधा कमी होते आणि काही आठवड्यांत ओसरते. जंतुसंसर्गाचे दुखणे असे वागत नाही. ते दिवसेंदिवस वाढत जाते, रात्री झोपेतून उठवते, विश्रांतीला दाद देत नाही, आणि मणक्याच्या एका ठरावीक जागी बोटाने हलकेच ठोकले तरी रुग्ण कळवळतो. जोडीला संध्याकाळी अंगात कसर असणे, भूक मरणे किंवा वजन उतरणे असू शकते. परंतु ताप नाही म्हणून संसर्ग नाही असे समजू नये, कारण बऱ्याच रुग्णांना, विशेषतः वयस्कर व्यक्तींना, ताप येतच नाही. मधुमेह, डायलिसिस, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे, पूर्वी झालेला किंवा घरातील कोणाला झालेला क्षयरोग, मणक्याची अलीकडची शस्त्रक्रिया, शिरेत बरेच दिवस ठेवलेली सलाईनची नळी यांपैकी काही असेल, तर शंकेला अधिक बळ मिळते. अशा वेळी ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या दोन साध्या तपासण्या आधी कराव्यात. त्या वाढलेल्या असल्या म्हणजे संसर्ग सिद्ध झाला असे नाही, पण पुढच्या तपासण्या टाळून चालणार नाही एवढे त्या सांगतात.

पायांतील ताकद कमी होणे, चालताना तोल जाणे, कमरेखाली बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे ही लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी आपत्कालीन विभाग असलेल्या रुग्णालयात जावे. स्कॅनची वेळ परवाची मिळाली आहे म्हणून घरी थांबू नये. मज्जारज्जूवर पुवाचा दाब येत असेल, तर त्यात तासांचासुद्धा हिशेब असतो.

डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आहे. सीटी स्वस्त आहे आणि लवकर होतो. एमआरआयऐवजी तोच केला तर चालेल का?

बहुतेक रुग्णांच्या बाबतीत चालणार नाही. संसर्गाची सुरुवात झाली की हाडाच्या आतील मगजात आणि मणक्यांमधील गादीत आधी सूज येते, पाण्याचे प्रमाण वाढते. हाड झिजायला त्यानंतर काही दिवस ते आठवडे लागतात. एमआरआय ही सूज टिपतो. सीटीला मात्र हाडाची झीज झाल्याखेरीज फारसे काही दिसत नाही, त्यामुळे पहिल्या एक-दोन आठवड्यांत केलेला सीटी पूर्णपणे नॉर्मल येऊ शकतो आणि तो कागद हातात पडल्यावर घरचे निर्धास्त होतात. हा खोटा दिलासा महागात पडतो. शिवाय मज्जारज्जूभोवतीच्या पोकळीत साठलेला पू आणि खुद्द मज्जारज्जूवर झालेला परिणाम या दोन गोष्टी एमआरआयमध्ये जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या साध्या सीटीमध्ये दिसत नाहीत. पैसे वाचवायचे म्हणून सीटी आणि नंतर नाइलाजाने एमआरआय, असे दोन्ही खर्च झालेली कुटुंबे आम्ही वारंवार पाहतो.

एक्स-रे तर नॉर्मल आला होता. मग पुन्हा स्कॅन कशाला?

हाडातील ३० ते ५० टक्के खनिज नाहीसे होईपर्यंत साध्या एक्स-रेमध्ये झीज उठून दिसत नाही. नॉर्मल एक्स-रेने लवकरचा संसर्ग नाकारता येत नाही.

मग सीटी स्कॅनचा नेमका उपयोग काय?

हाडाचे बारकावे पाहण्यात सीटीचा हात धरणारी तपासणी नाही. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी विकसित केलेल्या यंत्रावर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही प्रत्येक ऊतकाची घनता हाउन्सफिल्ड यांच्याच नावाच्या एककात मोजतात. त्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर आणि हवा उणे एक हजारावर असते, पू पाण्याच्या थोडा वर असतो, आणि हाड व कॅल्शियम त्याहून कितीतरी वर. त्यामुळे मणक्याच्या शेजारी दिसणारी गाठ द्रवाची आहे की घट्ट मांसाची आहे, तिच्यात कॅल्शियमचे कण आहेत की हाडाचे सुटे तुकडे आहेत, हे सांगता येते.

संसर्गात सीटीवर सर्वांत आधी गादीला चिकटून असलेला मणक्याचा पातळ, कठीण पृष्ठभाग, ज्याला रिपोर्टमध्ये एंडप्लेट म्हणतात, तो उंदराने कुरतडल्यासारखा दिसू लागतो. पुढे मणक्याच्या आत पोकळी पडते, मेलेल्या हाडाचे तुकडे आत अडकून राहतात, मणका पुढच्या बाजूने बसतो आणि पाठीला कुबड येते. शस्त्रक्रिया करावी लागणार असेल, तर स्क्रू धरून ठेवण्याइतके निरोगी हाड कोठे शिल्लक आहे, हे सर्जनला सीटीवरूनच ठरवावे लागते. मात्र आमच्या मते सीटीचे सर्वांत मोलाचे काम निराळेच आहे. संसर्गाच्या जागी सुई अचूक नेऊन तेथील नमुना काढणे हे ते काम होय, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

फक्त सीटी पाहून टीबी आहे की दुसरा जंतू, हे सांगता येते का?

अंदाज बांधता येतो, कधी कधी बऱ्यापैकी भक्कम अंदाज बांधता येतो, पण पुरावा मिळत नाही.

मणक्याचा क्षयरोग बहुधा छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांत होतो. या आजाराचे वर्णन पर्सिव्हल पॉट या ब्रिटिश सर्जनने १७७९ मध्ये केले, म्हणून जुने डॉक्टर त्याला आजही पॉट्स स्पाइन म्हणतात. क्षयाच्या जंतूकडे गादीतील प्रथिने विरघळवणारी द्रव्ये नसल्यामुळे शेजारचे दोन मणके खाल्ले गेले तरी मधली गादी बराच काळ तग धरून राहते. पू मणक्यांच्या पुढील अस्थिबंधाखालून वर-खाली सरकत जातो आणि त्यामुळे तीन-चार मणके एकाच वेळी बाधित झालेले दिसतात. हाडाचा चुरा होऊन त्याचे बारीक तुकडे आजूबाजूच्या पुवात विखुरलेले असणे ही क्षयरोगातील नेहमीची आढळणारी मांडणी आहे. पुवाच्या पातळ, गुळगुळीत भिंतीत किंवा आत कॅल्शियम साठलेले दिसले, तर क्षयरोगाची शक्यता फारच वाढते. कमरेतील सोआस स्नायूतून हा पू खाली उतरून जांघेत गाठ म्हणून वर येतो, तिला हात लावल्यास ती गरम लागत नाही, आणि रुग्ण आधी हर्नियाचा समज करून घेऊन येतो.

स्टॅफिलोकोकससारख्या पू निर्माण करणाऱ्या जंतूंचा संसर्ग कमरेच्या मणक्यांत अधिक आढळतो. त्यात गादी लवकर नष्ट होते, दुखणे झपाट्याने वाढते आणि गळवाची भिंत जाड व अनियमित असते. ब्रुसेलोसिस हा तिसरा आजार ग्रामीण पट्ट्यात विसरता कामा नये. गोठ्यात काम करणारे, जनावरांची बाळंतपणे करणारे किंवा न तापवलेले दूध पिणारे यांना तो होतो, आणि सीटीमध्ये मणक्याच्या पुढील वरच्या कोपऱ्यावर झीज व शेजारी नव्या हाडाची चोच दिसते. दौंड किंवा इंदापूरकडील शेतकऱ्याने घरी गाई-म्हशी आहेत एवढे जरी सांगितले, तरी योग्य त्या रक्ततपासणीची आठवण होते. म्हणून व्यवसाय विचारला नाही तरी तो आपणहून सांगावा.

कर्करोग हाडात पसरला असतानाही मणका असाच पोखरलेला दिसू शकतो. साधारणपणे कर्करोग मणक्यात राहतो आणि गादीला हात लावत नाही, तर संसर्ग गादी ओलांडून शेजारच्या मणक्यात शिरतो. या नियमाला अपवाद इतके आहेत की त्याच्या भरवशावर वर्षभराचे उपचार सुरू करू नयेत.

रिपोर्टमध्ये गादीत गॅस असल्याचे लिहिले आहे. हा गॅस म्हणजे जंतूंनी केलेला का?

बहुधा नाही. वयोमानाने झिजलेल्या गादीत नायट्रोजन साठतो. अशी पोकळी दिसणे सहसा संसर्गाच्या विरुद्ध जाते. क्वचित प्रसंगी वायू निर्माण करणारे जंतूही असतात, परंतु तेव्हा रुग्ण चांगलाच आजारी असतो आणि बुडबुडे गादीबाहेर, हाडात किंवा स्नायूंतही पसरलेले असतात. रिपोर्टमधील एखादी ओळ मोबाईलवर शोधून रात्र काढण्यापेक्षा ती लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टलाच दुसऱ्या दिवशी विचारावे. असा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही.

वडिलांना पेसमेकर आहे, त्यामुळे एमआरआय होणार नाही असे सांगितले. आता काय?

प्रथम पेसमेकरचे कार्ड शोधून काढावे. अलीकडची अनेक यंत्रे ठरावीक अटींवर एमआरआयमध्ये चालतात, आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली यंत्राची मांडणी बदलून तपासणी करता येते. ते शक्यच नसेल, तर कंट्रास्ट (चित्र अधिक स्पष्ट करण्यासाठी शिरेतून देण्याचे द्रव्य) देऊन केलेला सीटी, रक्ततपासण्या आणि गरजेनुसार पेट-सीटी (किरणोत्सारी साखर टोचून शरीरातील आजाराच्या जागा दाखवणारा स्कॅन) यांच्या आधारे निदान करता येते. मज्जारज्जूवर दाब आहे का हे पाहण्यासाठी मणक्याच्या नळीत औषध सोडून सीटी मायलोग्राम करण्याचा मार्गही आहे, मात्र सुई संसर्गाच्या जागेतून जाणार नाही याची काळजी त्यात घ्यावी लागते.

भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत लेथ किंवा ग्राइंडरवर काम केलेल्या व्यक्तींनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे एमआरआयपूर्वी आवर्जून सांगावे. चुंबकाच्या प्रभावाने असा कण हलून डोळ्याला इजा होऊ शकते. शंका असल्यास आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात.

मणक्यात आधीच स्क्रू आणि सळ्या बसवलेल्या आहेत. सीटीत काही दिसेल का?

धातूभोवती पांढऱ्या-काळ्या रेषांचे पट्टे उमटतात आणि चित्र काही अंशी बिघडते. टायटेनियममुळे ते कमी बिघडते, स्टीलमुळे अधिक. नव्या यंत्रांत हा दोष कमी करण्याची सोय असते. स्क्रूभोवती काळी कडा तयार झाली असेल, तर स्क्रू सैल झाला आहे हे सीटीत चांगले कळते, पण तो संसर्गामुळे सैल झाला की केवळ हालचालीमुळे, हे चित्र सांगत नाही. आधीच्या स्कॅनची सीडी येथे फार उपयोगी पडते.

सीटीच्या मदतीने सुईने तुकडा काढायचा आहे. त्यात नेमके काय करतात?

बहुतेक प्रौढ रुग्णांमध्ये ही प्रक्रिया पूर्ण भूल न देता, केवळ त्या जागेपुरती भूल देऊन होते. आधी रक्त गोठण्याच्या तपासण्या आणि प्लेटलेट पाहतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या किती दिवस आधी थांबवायच्या हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवू द्यावे; हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णाने त्या परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

रुग्णाला सीटीच्या फळीवर पालथे झोपवतात. पाठीवर धातूच्या बारीक तारांची पट्टी चिकटवून काही मोजकी चित्रे घेतली जातात, आणि कोणत्या पातळीवरून, मध्यरेषेपासून किती अंतरावर व कोणत्या कोनात शिरायचे हे संगणकाच्या पडद्यावर आखले जाते. मग यंत्रातील लाल प्रकाशरेषा ज्या ठिकाणी त्वचेवर पडते तेथे पेनने खूण करतात, जागा निर्जंतुक करतात आणि भूल देतात. सुई थोडी पुढे नेऊन चित्र घ्यायचे, कोन तपासायचा, पुन्हा थोडी पुढे न्यायची, असे चालते. छातीच्या भागात बरगडी आणि मणक्याच्या मधल्या फटीतून किंवा मणक्याच्या मागील खांबासारख्या भागातून जातात, कारण शेजारीच फुप्फुस असते. सुई हाडाला टेकली की रुग्णाला टोचण्यापेक्षा दाब जाणवतो, आणि किडलेल्या हाडात ती इतकी सहज शिरते की करणाऱ्याच्या हाताला तो फरक लगेच कळतो. शेजारी पुवाची पोकळी असेल, तर तीही सिरिंजने रिकामी करता येते. अनेक रुग्णांचे दुखणे त्यानेच हलके होते.

साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो. नंतर काही तास निरीक्षणाखाली ठेवतात. रक्तस्राव, छातीत हवा साठणे किंवा नसेला इजा होणे हे धोके असतात, पण अनुभवी हातांत ते क्वचित घडतात.

सुई टोचल्याने संसर्ग शरीरभर पसरतो, असे गावाकडे सांगतात. खरे आहे का?

नाही. सुईच्या वाटेवर क्षयरोगाचा पू झिरपत राहणे अगदी क्वचित घडते आणि औषधांनी बरे होते. संसर्ग पसरतो तो निदान आणि उपचार लांबल्यामुळे.

तुकडा काढेपर्यंत थांबण्यापेक्षा टीबीची औषधे किंवा अँटिबायोटिक लगेच सुरू का करू नयेत?

रुग्णाला रक्तात संसर्ग पसरल्याची लक्षणे असतील किंवा पायांची ताकद जात असेल, तर कोणीही थांबू नये; रक्ताचे कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेऊन उपचार लगेच सुरू होतात. परंतु रुग्ण स्थिर असेल, तर आधी नमुना आणि मग औषध हाच क्रम योग्य आहे. अँटिबायोटिकचे चार डोस गेल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढण्याची शक्यता कमी होते, आणि मग कोणते औषध लागू पडेल हे कळण्याचा मार्गच बंद होतो. राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार मणक्याच्या क्षयरोगाचे उपचार साधारण १२ महिने आणि काही रुग्णांत त्याहून अधिक चालतात. एवढा काळ यकृतावर ताण देणारी औषधे केवळ चित्रावरून घ्यायची, आणि जंतू रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील मुख्य औषधाला न जुमानणारा निघाला तर सहा महिन्यांनी कळायचे, हे परवडणारे नाही. नमुना मिळणे शक्यच नसेल, तेव्हा डॉक्टर लक्षणे व चित्र यांच्या बळावर उपचार देतात. तो मार्ग कायदेशीर व शास्त्रसंमत आहे, पण पहिला नव्हे.

काढलेला नमुना कोठे जातो? आम्ही काही लक्ष ठेवायचे का?

जरूर ठेवावे, कारण सर्व मेहनत वाया जाण्याची जागा हीच आहे. नमुन्याचे किमान दोन भाग व्हायला हवेत. एक भाग फॉर्मॅलिनच्या बाटलीत पॅथॉलॉजीकडे जातो, जेथे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून क्षयरोगाच्या गाठी किंवा कर्करोग ओळखतात. दुसरा भाग निर्जंतुक बाटलीत, सलाईनमध्ये, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे घाईगर्दीत सगळेच तुकडे त्या एका बाटलीत पडले, तर कल्चर होऊच शकत नाही आणि रुग्णाला पुन्हा पालथे झोपावे लागते. पुण्यात अनेकदा नातेवाईकच बाटली पिशवीत घालून दुसऱ्या पेठेतील प्रयोगशाळेत पोहोचवतात. अशा वेळी बाटल्या दोन आहेत ना, कोणत्या बाटलीत काय आहे, आणि प्रत्येकीवर रुग्णाचे नाव व नमुन्याची जागा लिहिली आहे ना, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. सलाईनमधील नमुना रात्रभर घरी ठेवू नये, त्याच दिवशी द्यावा.

प्रयोगशाळेच्या कागदावर साधे कल्चर, बुरशीचे कल्चर, क्षयरोगाचे कल्चर आणि सीबीनॅट अशा चारही तपासण्या लिहिलेल्या असाव्यात. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश आणि रिफॅम्पिसिनला असलेला प्रतिकार दाखवते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही तपासणी विनामूल्य होते. द्रव माध्यमातील कल्चर मात्र निगेटिव्ह म्हणून जाहीर करण्यास ४२ दिवस लागतात, म्हणून आठवड्याने फोन करून रिपोर्ट नाही म्हणून प्रयोगशाळेवर रागावू नये.

सगळे करूनही नमुन्यात काहीच निघाले नाही. म्हणजे संसर्ग नाही?

तसे म्हणता येत नाही. मणक्यातील क्षयरोगात जंतूंची संख्या मुळात कमी असते आणि पू निर्माण करणाऱ्या संसर्गातही सुईने घेतलेले कल्चर बऱ्याच वेळा निगेटिव्ह येते. लक्षणे व चित्र संसर्गाचेच असेल, तर दुसऱ्यांदा सुईने किंवा शस्त्रक्रियेने नमुना घेण्याचा विचार होतो.

कंट्रास्टचे इंजेक्शन किडनीला बाधते का? आईला मधुमेह आहे.

मूत्रपिंडांचे कार्य चांगले असेल, तर सहसा बाधत नाही. म्हणूनच आधी क्रिएटिनिन ही मूत्रपिंडांचे कार्य दाखवणारी रक्ततपासणी करतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असून मूत्रपिंडांचे कार्य बरेच घटलेले असेल, तर ती तपासणीच्या वेळी थांबवून ४८ तासांनी, पुन्हा क्रिएटिनिन पाहून सुरू करतात. पूर्वी कंट्रास्टने पित्त उठले असेल, दम लागला असेल किंवा दमा असेल, तर ते आधी सांगावे. मासे खाऊन अंगावर गांधी येतात म्हणून कंट्रास्ट चालणार नाही, हा समज मात्र निराधार आहे. हाडाची झीज पाहणे किंवा सुईला दिशा देणे एवढाच हेतू असेल, तर पुष्कळदा कंट्रास्टची गरजही नसते.

किरणांचा धोका किती?

कमरेच्या मणक्यांच्या एका सीटीत साधारण ५ ते १० मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळते; निसर्गातून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. एका आवश्यक स्कॅनचा धोका मणक्याचा संसर्ग हुकण्याच्या धोक्यापुढे क्षुल्लक आहे, पण अनावश्यक फेऱ्या टाळायलाच हव्यात. गरोदरपणाची शक्यता असल्यास टेबलावर जाण्यापूर्वी सांगावे. लहान मुलांमध्ये एमआरआयला पहिली पसंती द्यावी.

उपचार चालू असताना दर दोन महिन्यांनी सीटी करावा लागेल का?

नाही. दुखणे कमी होत आहे, वजन वाढते आहे, ईएसआर आणि सीआरपी उतरत आहेत, एवढे पुरेसे असते. हाड भरून यायला महिने लागतात आणि रुग्ण बरा होत असतानाही सुरुवातीच्या चित्रांत झीज वाढलेली दिसू शकते, त्यामुळे लवकर केलेला स्कॅन विनाकारण घबराट माजवतो. दुखणे पुन्हा वाढले, कुबड वाढू लागले, पायांत अशक्तपणा आला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर स्कॅन अवश्य करावा. उपचारांच्या शेवटी मणके एकमेकांना जुळून आले का, हे पाहण्यासाठी मात्र सीटी उत्तम.

पुण्यात तपासणीला येताना सोबत काय आणावे?

सर्व जुन्या एक्स-रे फिल्म, सीटी-एमआरआयच्या सीडी, फक्त रिपोर्ट नव्हे. रक्ताचे अहवाल तारखेनुसार लावलेले. चालू औषधांच्या पट्ट्या, विशेषतः गेल्या महिन्यात घेतलेली अँटिबायोटिक, मग ती गावातील डॉक्टरांनी दिलेली असोत की औषधाच्या दुकानातून आणलेली. ससून सर्वोपचार रुग्णालयात किंवा पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात दाखवायचे असेल, तर बाह्यरुग्ण विभागाची चिठ्ठी काढण्यासाठी सकाळी लवकर यावे आणि आधार कार्ड व शिधापत्रिका बरोबर ठेवावी. दाखल रुग्णाला महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ मिळू शकतो का, हे योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होतानाच विचारावे. उभे राहून किंवा बसून पाठ फार दुखत असेल, तर एसटीने येण्याचा हट्ट धरू नये. मागच्या सीटवर आडवे होता येईल अशा गाडीने यावे.